बग्गीची पहिली वरात

परवा कोल्हापुरी चपलांना एरंडेल चोळत होतो आणि त्या वासानं मला थेट आटपाडीच्या आमच्या अंगणात नेलं. वरातीच्या धंद्यासाठी आम्ही दोघा भावांनी सांगलीहून जुनी बग्गी अन् पांढऱ्या घोड्यांची जोडी आणली होती, आणि पहिली वरात बहिणीचीच होती. एरंडेल पाजलेला चामडी साज आम्हीच चढवला, पट्टे आवळले, घुंगरं बांधली. नवरा-नवरी बसली, पण घोडे एकमेकांना नुसते ढुसण्या द्यायला लागले आणि बग्गी जागची हलेना. भावानं चाबूक उचलला, तशी जन्मभर बैलजोडी हाकलेली आत्या ओट्यावरनं ओरडली, "आरं थांब! मधली दांडी घासून केस गेल्याली आतली बाजू भाईर आलीया. डावा उजवीकडं जुपलाय तुमी. बैलाला बाजू असती, मग घोड्याला नसती व्हय रं?" आम्ही घोड्यांची अदलाबदल केली. बग्गी अशी झोकात निघाली की वाजंत्री मागं पडले! पुढं लगाम धरून आत्याच बसली होती, पदर खोचून, आणि लोक नवरी सोडून तिलाच बघत होते. हे आठवत, हसत हसत मी तेल लावलेल्या चपला दाराशी ठेवल्या. बघतो तर डावी उजवीकडं.