माळ्यावर मुरत ठेवलेली वाईन

आता सांगायलाही लाज वाटते, पण चहा होईस्तोवर ऐकाच. हुशारी मी केली आणि भोगलं माझ्या दोस्तानं.

प्रकाशा गावचे हिरामण आप्पा म्हणजे माझे लहानपणापासूनचे जोडीदार. त्यांनी कधीकाळी द्राक्षं लावली होती. उतारा घटला तसे वेल उपटून टाकले, आणि ती हळहळ काही गेली नाही.

माझी मुलगी दक्षिण फ्रान्समध्ये शिकते. सुट्टीत तिनं लाल वाईनची बाटली आणली. "पप्पा, ही नव्वद वर्षं जुन्या वेलींची आहे," ती म्हणाली. मी त्यातलं 'जुन्या' तेवढं ऐकलं.

आप्पांनी मात्र सगळं ऐकलं. बाटली हातात घेऊन म्हणाले, "मास्तर, म्हतारी वेलले द्राक्षं थोडा लागतस, पन रस घट्ट ऱ्हास. मी ते मन्ह्या वेली म्हताऱ्या व्हवूच दिन्ह्यात नहीत. येक घोट चाखाना शे माले."

"आप्पा, वाईन जितकी जुनी तितकी भारी. अजून मुरू दे," मी म्हटलं, आणि बाटली पत्र्याखालच्या माळ्यावर उभी करून ठेवली. आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहेच.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आप्पांनी विचारलं. मी म्हटलं, दिवाळीला. दिवाळीला म्हटलं, होळीला. तोवर त्यांचं हृदय थकलं होतं.

"तोपावत मीच मुरी जासू," ते हसून म्हणाले. मीही हसलो.

होळीआधीच आप्पा गेले.

मुलीला फोनवर सगळं सांगितलं.  ती हळूच म्हणाली, "पप्पा, वेली जुन्या होत्या. वाईन नवीच होती. लगेच प्यायची होती."

तेराव्यानंतर मी बाटली घेऊन आप्पांच्या घरी वहिनींकडे गेलो. निदान त्यांच्या फोटोपुढे दोन घोट ठेवावेत म्हटलं. सुकून सैल झालेलं बूच काढलं तर नाकात झणका गेला.

वहिनींनी वास घेतला. "मास्तर, हाऊ ते सिरका शे. यानाकरता त्यास्ले वरीसभर थांबाडं का तुमी?"

वाईनचं व्हिनेगर झालं होतं. मी खाली मान घालून बसलो.

त्यांनी बाटली आत नेली. जेवायला वाढलं, तेव्हा ताटात लालभडक कांदा होता, त्याच सिरक्यात घातलेला.

"कसा व्हयना?" वहिनींनी विचारलं.

खोटं कशाला बोलू? असा कांदा मी जन्मात खाल्ला नव्हता. आणि हे त्यांना सांगायची माझी हिंमत झाली नाही.