स्टुलावरचा ग्लास

मी लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करतो. कुरुंदा रोडवरच्या मंगल कार्यालयात नाच वरच्या मजल्यावर असतो आणि पंगत खाली. तिथले मॅनेजर नवरा-नवरीकडे कधी बघत नाहीत. ते स्टुलावर पाण्याचा ग्लास ठेवतात आणि त्याच्याकडे बघत बसतात. पाणी नुसतं थरथरलं तर तो डीजे. हिंदकळलं की समजायचं, पायाखालचा स्लॅब हलतोय. मग ते शांतपणे माइक घेतात, "ताटं वाढली हो, चला खाली!" खाली भात शिजलेला नसतो. आचारी शिव्या घालतो.

"काहून थांबवता हो नाच?" मी एकदा विचारलं.

"नाचा ना. पण समद्यांनी एका टायमाला उड्या मारू न्हाई."

यंदा त्यांच्याच लेकीचं लग्न तिथं झालं. पाणी हिंदकळलं, तसे ते माइककडे निघाले. लेकीनं हात धरला. "बाबा, आज तरी न्हाई!"

मॅनेजर नाचात शिरले. ठेका सोडून भलत्याच वेळी पाय आपटत, याला धडकत, त्याच्या पायावर पाय देत नाचले. हसता हसता सगळ्यांचाच ठेका चुकला.

पाहुणे अजून तो व्हिडिओ लावून हसतात. त्यात पाणी थांबेपर्यंत मॅनेजर स्टुलाकडेच बघत नाचतात. मग पहिल्यांदा नवरीकडे बघतात.