खडूने लिहिलेला ‘पु’

हल्ली मामाच्या दुकानात प्रत्येक कॉम्प्युटरवर खडूने पूर्ण शब्द लिहिलेले असतात. ‘पुसायचा’. ‘पुसू नये’. ‘मालकिणीला विचारणे’. एका डब्यावर तर ‘हा आपला नाही, शेजाऱ्यांनी फक्त ठेवायला दिलाय’ एवढी मोठी कहाणी आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला हसू येतं. मला येत नाही, कारण त्या गुरुवारी मी तिथे होते.

मामा मूळचा मोटर रिवाइंडिंगवाला. पाण्याच्या पंपांच्या जळक्या मोटारी उघडायच्या, काळी पडलेली तार काढायची, नवी गुंडाळायची. अठ्ठावीस वर्षं त्याने तेच केलं. मग लोक दुरुस्तीच्या भानगडीत न पडता सरळ नवी मोटार आणायला लागले, आणि मामाच्या टेबलावर मोटारींच्या जागी टाकून दिलेले कॉम्प्युटर आले. त्याचं म्हणणं सोपं होतं: मशीन म्हातारं होत नाही, त्याच्यावरचं ओझं वाढतं. दर दोन वर्षांनी आधीपेक्षा जड सॉफ्टवेअर डोक्यावर आलं की ते बिचारं धापा टाकतं, आणि आपण म्हणतो, गेलं कामातून. मामा ते ओझं उतरवायचा आणि लिनक्स नावाच्या सॉफ्टवेअरचा एखादा फुकट मिळणारा, हलका प्रकार त्यावर चढवायचा. बारा-बारा वर्षांची मशीनं उठून कामाला लागायची. शिवणवर्गात दोन आहेत, वाचनालयात एक आहे, मी पोस्टात ज्यावर काम करते त्याच्यापेक्षा ती तिन्ही बरी चालतात.

फक्त ‘हलकं’ या शब्दाने घोळ व्हायचा. “हलकं सॉफ्टवेअर टाकून देतो,” असं मामाने म्हटलं की गिऱ्हाइकाचा चेहरा पडायचा. “हलकं नको हो, जरा चांगल्यातलं टाका.” मग वजन वेगळं आणि दर्जा वेगळा, हे समजावण्यात मामाचा अर्धा तास जायचा.

त्याचा दोष एकच, आणि भाची म्हणून मी तो स्पष्ट सांगणार. ‘पुढे बघू.’ छत गळतंय? पुढे बघू. डोळे तपासून घे. पुढे बघू. ज्या मशीनला इतक्यात हात लावायचा नाही, त्यावरही तो खडूने ‘पुढे बघू’ लिहायचा आणि ते कोपऱ्यात सारायचा. मामी नेमकी उलट. शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं हजेरीपट सांभाळून निवृत्त झालेली बाई. हातातलं काम उद्यावर गेलं तर तिच्या घशाखाली घास उतरत नाही. निवृत्तीनंतर ती दुकानात आली आणि बघता बघता सगळं शिकली. जुनं पुसून नवं चढवण्याचं खातं तिच्याकडेच गेलं. अशा मशीनवर ती ‘पु’ लिहायची. पु म्हणजे पुसायचा. आठ वर्षं हा संसार असा सुरळीत चालला होता.

मग घोषणाकाका आले.

घोषणाकाका म्हणजे बसस्थानकावर घोषणा देणारे. चौतीस वर्षं ते काचेच्या एका खोलीत बसून बोलले. चेहरा पाहिलेले थोडे, पण आवाज लहान पोरसुद्धा ओळखायचं. निवृत्त झाले आणि वर्षभरात घशाचा आजार निघाला. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढावं लागणार होतं. डॉक्टरांनी सुचवलं की रोजची वाक्यं आधीच स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवा, नंतर बटण दाबलं की कॉम्प्युटर तुमच्या आवाजात बोलेल. काकांनी घरातल्या जुन्या काळ्या कॉम्प्युटरसमोर नऊ दिवस बसून तीनशे चाळीस वाक्यं बोलून ठेवली. वहीत क्रमांक घालून त्यांची यादी केली. मग ऑपरेशन झालं आणि आवाज गेला.

पण तो कॉम्प्युटर मरणाचा संथ. काकांनी पाण्याचं बटण दाबायचं, कंटाळून स्वतःच उठून पाणी पिऊन यायचं, पलंगावर आडवं व्हायचं, आणि मग टेबलावरून त्यांचाच आवाज पाणी मागायचा. त्यांच्याबरोबर दुकानात आलेल्या काकूंनी हे आम्हाला हसत सांगितलं आणि सांगता सांगता चष्मा काढून पुसला. काका शेजारी उभे होते. गळ्याला पांढरा रुमाल, हातात छोटी पाटी. त्यांनी पाटीवर एकच शब्द लिहिला, ‘जपून’.

“निर्धास्त राहा, काका,” मामा म्हणाला. “आधी तुमची वाक्यं दुसरीकडे उतरवून घेतो, मगच याला हात लावतो. गुरुवारी पाचला या.”

मामाच्या मनात खरंच तसंच होतं. उतरवून घ्यायला मोकळी हार्डडिस्क हवी होती आणि ती गुरुवारी सकाळी मिळणार होती. तोवर डबा बाजूला ठेवायचा म्हणून त्यावर ‘पुढे बघू’ लिहायला त्याने खडू उचलला. ‘पु’ लिहून झाला आणि फोन वाजला. फोन लांबला, आणि खडू परत हातात आला नाही.

गुरुवारी पोस्टातली सकाळची पाळी संपवून मी बाराला दुकानात पोचले. माझ्या मागोमाग मामा नवी डिस्क घेऊन आला.

“काळा डबा कुठाय गं?” त्याने आत विचारलं.

“झाला की तो,” मामी म्हणाली. “सकाळीच केला. असा पळतोय म्हणून सांगू. वीस सेकंदांत उघडतो.”

मामाने हातातली डिस्क हळूच टेबलावर ठेवली. “तू आतलं उतरवून घेतलं होतंस ना?”

“मी कशाला उतरवू? तुम्ही पु लिहिला होतात.”

“अगं, पु म्हणजे पुढे बघू.”

“पु म्हणजे पुसायचा,” मामी म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिला कळलं.

ती होती तिथेच एका लाकडी खोक्यावर बसली.  दुसरी प्रत नव्हती, आणि ज्या गळ्यातून ती वाक्यं निघाली त्यातून आता एक अक्षरही निघणार नव्हतं. आम्ही एका माणसाचा आवाज पुसला होता.

मामाने पुढे होऊन काळ्या डब्याचा प्लग ओढला. “आता याला चालू करायचं नाही. यावर नवं काही लिहिलं गेलं की त्याच्या खालचं जुनं कायमचं जातं.” मग माझ्याकडे वळून म्हणाला, “पुसलं म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाटली असं समज. पानं आत असतात, फक्त कुठे काय ते कळत नाही. ज्या पानांवर आपण नवं छापलं ती गेली. बाकीची शोधता येतात.”

“किती पानांवर छापलं?”

“आपलं हलकं आहे. डिस्कचा विसावा भागही खात नाही. जड काही चढवलं असतं तर निम्मी डिस्क भुईसपाट झाली असती.” एवढं बोलून तो थांबला. “पण त्या विसाव्या भागात नेमकं काय होतं, ते मला माहीत नाही.”

त्याने डबा उघडला. केसाएवढी तार न तोडता गुंडाळणारा माणूस, पण त्या दिवशी त्याच्या हातून स्क्रू तीनदा निसटला. आतली डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली, हरवलेल्या फाइल शोधणारं सॉफ्टवेअर लावलं. तेही फुकटचंच. स्क्रीनवर एक बारीक पट्टी आली. एक टक्का. उरलेला वेळ दोन तास पन्नास मिनिटं. घड्याळात साडेबारा वाजले होते.

एकला फोन आला. मी उचलला. काकू होत्या. दवाखान्यातली तपासणी लवकर उरकली, तर पाचऐवजी चारलाच येतो म्हणाल्या. “यांना धीर धरवत नाहीये. सकाळपासून तीनदा पाटीवर ‘निघू या’ लिहून झालंय.” मी “बरं” म्हटलं आणि फोन ठेवला. 

“सांगायचं होतंस त्यांना,” मामी म्हणाली.

“काय सांगू? आवाज पुसलाय, डबा घेऊन जा म्हणून?” मी फटकन बोलले. तिचा चेहरा बघून मला लगेच वाईट वाटलं, पण बोललेलं परत घेता येत नाही.

“उद्या या म्हणू या का?” मामा पट्टीवरची नजर न काढता म्हणाला. “मशीनला अजून एक दिवस लागेल म्हणावं. काय निघतंय ते कळू दे, मग पुढे...”

“मामा, तो शब्द आज काढलास तर मी या दुकानाची पायरी चढणार नाही.”

 मामी उठली, तिने डब्याबरोबर आलेली काकांची वही उघडली आणि पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. “चारला आले की मी सांगणार. माझ्या हातून झालंय, माझ्याच तोंडून जाईल.”

“पु मी लिहिला होता,” मामा म्हणाला.

“आणि विचारलं नाही ते मी. वाटणी नंतर करू. पट्टी बघा.”

दोन वाजेपर्यंत नुसताच कचरा निघाला. फाइलींची मूळ नावं गेलेली, उरले होते फक्त लांबलचक आकडे, त्यामुळे प्रत्येक फाइल वाजवून बघायची. कुणाच्या तरी वाढदिवसाचा गोंगाट. कॉम्प्युटर सुरू होतानाची टिंगटिंग, एकदा, दोनदा, वीसदा. मामी कानाला हेडफोन लावून बसली होती आणि प्रत्येक वेळी नुसती नकाराची मान हलवत होती. मी तिच्याकडे बघायचं सोडून दिलं. काकूंना दारातच गाठून काय सांगायचं, त्याची वाक्यं मी मनात जुळवत होते, आणि एकही जुळत नव्हतं.

सव्वादोनला मामीने हात वर केला. हेडफोनची वायर ओढून काढली आणि फाइल परत लावली.

“कृपया पाणी द्यावे,” घोषणाकाका म्हणाले.

अगदी तोच बसस्थानकावरचा स्वर, एकेक शब्द सुटा, शेवटचा जरा लांबवलेला. मग पुढची. “कृपया पंखा बंद करावा.” त्यानंतर, “दारात कोणी आले आहे, याची नोंद घ्यावी.” बायकोशीसुद्धा ते फलाटावरून बोलत होते. मामाला हसू फुटलं आणि हसता हसता त्याने बाहीने डोळे पुसले. मामी हसली नाही. तिने वहीत तीन खुणा केल्या आणि चौथी फाइल उघडली.

मग नुसती धावपळ. दुसऱ्या मशीनवर मी बसले. फाइल वाजवायची, यादीत वाक्य शोधायचं, खूण करायची. शंभर झाली. साडेतीनला पट्टी संपली, तेव्हा दोनशे सत्तर. चारला दहा कमी असताना तीनशे एकवीस. पुढे सरकेना. आमच्याकडे न ऐकलेली एकच फाइल उरली होती, चार मिनिटांची. ती मामीने पूर्ण ऐकली, हेडफोन काढला आणि म्हणाली, “हे यादीत नाहीये.” काय आहे म्हणून मी विचारणार, तोच दारात काकू दिसल्या. मागे काका, नवा शर्ट घालून आलेले.

मामीने त्यांना खुर्चीही दिली नाही. उभ्या उभ्याच सांगून टाकलं. खडूने लिहिलेला पु, सकाळी झालेलं पुसणं, दुपारभर चाललेलं शोधणं, सगळं. एकही शब्द गाळला नाही. मामा तिच्या शेजारी मान खाली घालून उभा होता.

काकांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी पाटीवर लिहिलं, ‘किती?’

“तीनशे चाळीसपैकी एकोणीस गेली,” मामी म्हणाली.

काकांनी वही ओढून घेतली आणि खुणा नसलेल्या ओळींवर बोट ठेवत ते खाली जाऊ लागले. दिवा, वर्तमानपत्र, दुपारची गोळी. दोनशे सातव्या ओळीवर बोट थांबलं. तिथे एकच शब्द होता, ‘हाक’. काकूंनी वाकून वाचला.

“ही मला मारायची हाक ना?”

काकांनी होकाराची मान हलवली. त्यांचे डोळे भरून आले. 

“हाकेचं राहू द्या हो,” काकू म्हणाल्या. मामीला म्हणाल्या की काकांना, कोण जाणे. “हल्ली टेबल वाजवतात, मी येते.”

 मामीने माउस हातात घेतला. म्हणाली, “एक फाइल मिळालीय, यादीत नसलेली. रेकॉर्डिंग चुकून चालू राहिलं असणार. घरातलं आहे, म्हणून विचारते. लावू?”

काकांना आठवेना, पण त्यांनी मान डोलावली.

आधी नुसती खोलीतली शांतता. खुर्ची करकरली, वहीचं पान उलटलं, कुणीतरी खोकलं. मग लांबून, आतल्या खोलीतून, काकूंचाच आवाज: “झालं का तुमचं? किती वेळा बोलवायचं जेवायला?”

आणि त्यावर काका. फलाटावरचे नाहीत, घरचे. दमलेले, जरासे वैतागलेले. “आलो गं, आलो. जीव घेशील एखाद दिवशी.”

“मग या ना लवकर, गार होतंय,” काकू म्हणाल्या.

त्या रेकॉर्डिंगमधून बोलल्या नव्हत्या. दुकानात, आमच्यासमोर बोलल्या होत्या. त्यांनी पटकन तोंडावर हात ठेवला. काकांनी मामीच्या हातून माउस घेतला, ती फाइल मागे नेली आणि तेवढंच वाक्य परत लावलं. काकूंनी परत तेच उत्तर दिलं, पण या वेळी त्यांच्याकडे बघून.