ढेकर देऊन बोलायला शिकलेले बाबा

"कॅन्सर आहे. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल," डॉक्टर म्हणाले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. घरात पदवीपर्यंत शिकलेली मी पहिलीच, त्यामुळे कठीण शब्दांचा अर्थ मीच सांगायचा. लॅरिन्जेक्टॉमी म्हणजे घशातला आवाजाचा अवयव काढून टाकणं. पुढे श्वास मानेला केलेल्या छिद्रातून घ्यायचा. त्याला स्टोमा म्हणतात.

"मंग बोलू कसा जी?" बाबांनी बसलेल्या आवाजात विचारलं.

"पुन्हा शिकावं लागेल."

बाबा हसले. "चौथीत शाळा सोडली साहेब. आता कोण शिकवते मले?"

वर्ध्याला ऑपरेशन नीट पार पडलं. जखम भरल्यावर आम्ही स्पीच थेरपिस्टकडे, म्हणजे बोलायला शिकवणाऱ्या मॅडमकडे जाऊ लागलो. त्यांनी इसोफेजियल स्पीच समजावून सांगितलं. तोंडातली हवा अन्ननलिकेच्या वरच्या भागात दाबायची आणि लगेच परत सोडायची. ती येताना जो आवाज होतो, त्याचेच शब्द करायचे. थोडक्यात, ढेकर देत बोलायचं!

आईला हसू आवरेना. जेवणानंतरच्या ढेकरावरून तिने बाबांना जन्मभर टोकलं होतं. आता तीच विनवू लागली, "द्या ना जी एक!" तिने सोडा-लिंबू पाजून पाजून त्यांचं पोट फुगवलं. मॅडम म्हणाल्या, "काकू, पोटातली हवा नको, घशातली हवी." तुमच्या घरी ही वेळ आली, तर सोडा पाजू नका.

मी पडले शिक्षिका. भिंतीवर तक्ता लावला: पा, टा, का. सकाळ-संध्याकाळ तास घेऊ लागले. बाबा दोनदा प्रयत्न करत आणि भिंतीकडे तोंड करून पडत. आठवडे गेले. गावी, वडनेरच्या घरी कोणी आलं तरी ते भेटेनात. बाबा कायमचे मुके होणार, ही भीती मला झोपू देईना.

त्यांचे जुने मित्र श्रावणकाका मात्र थेट आत शिरले. शंकरपटाच्या शर्यतीत कोणाची बैलजोडी पुढे होती, यावरून या दोघांचं भांडण मी लहानपणापासून ऐकत आले. घरात इतर सगळे हळू बोलत. काका खाटेवर बसून गरजले, "माहीच जोडी पुढं होती. बोल ना! पाहा, गप हाय, म्हणजे कबूल हाय!"

बाबांनी रागाने उशाशी ठेवलेल्या पाटीवर मोठं 'नाई' लिहिलं.

"चष्मा नाई आनला बे. तोंडानं सांग."

मी काकांना थांबवणार, तोच बाबांनी ओठ मिटले, मान ताणली आणि आवाज निघाला, "का..."

काका गेल्यावरही बाबा गोठ्यात बसून तेवढंच घोटत राहिले. पुढच्या भेटीत हे ऐकून मॅडमनी टेबलावर थाप मारली. "तक्ता काढा! त्यांना जे म्हणायचंय, तेच शिकवू."

आणि बाबा शिकले! जे शिकायचं ते त्यांच्या जिवाचं होतं. डॉक्टरांचे आणि मॅडमचे उपकार आम्ही विसरणार नाही. काकांचे तर मुळीच नाही. मीही आता वर्गात फळ्याकडे वळण्याआधी मुलांना विचारते, "तुम्हाला काय सांगायचंय?"

एका संध्याकाळी बाबा स्वतः काकांच्या ओट्यावर जाऊन उभे राहिले. "काऊन बे? जोडी... माही... पुढं!" आवाज जाड होता, तुटक होता, पण बाबांचा होता.

काकांनी दुपट्ट्याने डोळे पुसले. "आवाज आला म्हणून खोटं खरं होत नाई."

मग जे भांडण पेटलं! आई आमच्या दारातून जेवायला हाका मारून थकली, पण दोघांपैकी एकालाही ऐकू आलं नाही.