कुलरला चिकटवलेलं टेबल

कुलरच्या नव्या खसचा ओला वास आला की माझं डोकं आजही तापतं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी, ऐन मे महिन्यात, कॉम्प्युटर गरम होऊ नये म्हणून बाबांनी त्याचं टेबल स्वतः ओढून खिडकीतल्या कुलरला चिकटवलं. दुसऱ्याच दिवशी त्या जुन्या, जाडजूड मॉनिटरवरची अक्षरं पाण्यात हलावीत तशी थरथरू लागली. बाबा म्हणाले, "गेम खेळून खेळून वाट लावली वं तू त्याची," आणि वर चादर टाकून हात लावायची बंदी केली. माझा अर्धा प्रोजेक्ट आतच अडकला. भर उन्हात सायकल मारत मी हुडकेश्वरला मैत्रिणीकडे जायचे आणि तिथे तो पुन्हा पहिल्यापासून टाइप करायचे. मग एका दुपारी मी चोरून कॉम्प्युटर लावलेला असताना आईनं पाणी भरायला कुलर बंद केला, आणि अक्षरं एकदम जागेवर उभी राहिली. मी बाबांना बोलावून कुलर तीनदा चालू-बंद करून दाखवला: अक्षरं गेमनं नाही, शेजारच्या कुलरच्या मोटरच्या चुंबकानं थरथरत होती. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "मंग सरकव ना टेबल, पाहून काय राहिली?" टेबल मी एकटीनंच सरकवलं. काल त्यांनी फोनवर विचारलं, "कुलर लावला का वं?" मी हो म्हटलं, आणि 'तेव्हा चूक माझीच होती' एवढं एक वाक्य ते पुढे बोलतील म्हणून मी यंदाही थांबले.