बाबांची बॅटिंग

आज बुटांना पॉलिश करायला डबी उघडली आणि त्या वासासरशी नागावचं आमचं अंगण आठवलं.

मी नुकताच बी.ए. झालो होतो, घराण्यात पहिलाच. बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. एक उंच, म्हातारा इंग्रज त्यांना शोधत आला. तरुणपणी तो हौसेनं क्रिकेट खेळायचा, मग युद्धात कॅप्टन झाला; बाबा त्याच्या पलटणीत होते. बाबा गेल्याचं ऐकून त्यानं हॅट काढली. म्हणाला, "ही वॉज माय बॅटमन."

"काय बोलतंय रं?" आईनं विचारलं.

"बाबा त्याच्या टीममधे बॅट्समन होते," मी ऐटीत सांगितलं.

"व्हय? मला कदी बोलले न्हाईत!" आई रडता रडता हसली.

नंतर शब्दकोश पाहिला. बॅटमन म्हणजे साहेबाचे कपडे-बूट सांभाळणारा शिपाई. मला लाज वाटली, गप्प राहिलो. आई मरेपर्यंत गावभर बाबांची बॅटिंग सांगत राहिली.

कॉलेजला निघालो की बाबा माझे बूट ओढून घ्यायचे. "आण हिकडं, तुला न्हाय जमायचं." आरशासारखे करून द्यायचे.

आईला खरं सांगायला हवं होतं. कॅप्टनचे बूट ज्या हातांनी चमकवले, त्याच हातांनी माझेही.