पडायचं घड्याळ

बाजारात नवीन वस्तू आली की ती आधी आमच्या घरी येते आणि मग तिचं करायचं काय, याचा शोध सुरू होतो. हे माझ्या नवऱ्याचं म्हणणं, आणि तो ते पाहुण्यांसमोर म्हणतो. आमच्या मोशीच्या फ्लॅटमध्ये आपोआप झाडू मारणारं एक गोल यंत्र आहे. आल्याच्या पहिल्याच आठवड्यात त्याने पायपुसणं गिळलं आणि सोफ्याखाली जाऊन लाल दिवा लावून रुसून बसलं. बोलणारा एक डबा आहे, त्याला 'पंखा बंद कर' म्हटलं की तो मला हवामान सांगतो. पोळ्या करणारं यंत्रही होतं. त्यातली पहिली पोळी नवऱ्याने टेबलावर वाजवून दाखवली, तेव्हापासून ते माळ्यावर आहे.

मला याची मुळीच लाज वाटत नाही. मी महाळुंग्याच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तूंमध्ये खोट काढायची आणि त्याचाच पगार घ्यायचा, असं माझं काम. मग घरी आल्यावर एखाद्या वस्तूवर डोळे झाकून प्रेम करावंसं वाटलं, तर बिघडलं कुठे?

सासूबाई मात्र आमच्याकडे राहत नाहीत. त्या ताथवड्याच्या गावठाणात, आपल्या घरी राहतात. शेतं गेली, त्यांच्यावर टॉवर उभे राहिले. उरलं हे घर आणि त्यावर बांधलेल्या खोल्या. खोल्यांमध्ये इंजिनिअरिंगची पोरं भाड्याने राहतात, खाली सासूबाई. गेल्या वर्षी अंगणात धुणं वाळत घालताना त्यांचा पाय घसरला. कोपर खरचटलं, तेवढंच. पण देहूरोडला राहणाऱ्या धाकट्या दिरांनी घर डोक्यावर घेतलं.

"बास झालं आता," ते म्हणाले. "आईनं वहिनींकडं फ्लॅटवर ऱ्हायचं."

"मी न्हाई यायची," सासूबाई म्हणाल्या. "नवव्या मजल्यावर काय करू? खाली माणसं मुंग्यांवानी दिसत्यात. हाक मारायची कुणाला?"

दोघांचंही बरोबर होतं. अशा वेळी घरातले सगळे गप्प बसतात आणि मी म्हणते, "माझ्याकडे एक उपाय आहे." मग नवरा डोळे मिटून घेतो.

उपाय खराच होता. ताथवड्यातच मिठाईच्या एका दुकानावर, वरच्या मजल्यावर, नुकतेच इंजिनिअर झालेल्या तिघा मित्रांनी स्टार्टअप काढलं होतं. त्यांनी म्हाताऱ्या माणसांसाठी घड्याळ बनवलं होतं. घालणारा माणूस पडला की घड्याळाला कळतं आणि घरच्यांच्या मोबाईलवर भोंगा वाजतो. विक्रीला काढण्याआधी ते वापरून बघायला त्यांना माणसं हवी होती. मी लगेच जाऊन आले. चाकांच्या खुर्च्या, काचेवर स्केचपेनने काढलेले बाण, आणि खालून येणारा जिलेबीचा वास. माझा पायच निघेना तिथून.

घरात असं ठरलं की घड्याळ हातात आहे आणि चालतंय, तोवर आईंनी आपल्या घरी राहायचं. ते काढून ठेवलं किंवा बंद पडलं, की पिशवी भरायची आणि नववा मजला. दिरांनी हे आईंकडून कबूल करून घेतलं. त्यांच्या डाव्या मनगटावर सासऱ्यांचं किल्लीचं घड्याळ असतं, म्हणून नवीन उजव्या मनगटावर गेलं. दोन्ही हात पुढे करून त्या शेजारणीला दाखवत होत्या, "हे टाइम बघायला, आन् हे पडायला."

पहिला भोंगा वाजला तेव्हा आमच्याकडे ऑडिट चालू होतं. गिऱ्हाईक कंपनीच्या साहेबांसमोर मी तोंड भरून बोलत होते, आणि खिशात एकदम रुग्णवाहिका शिरल्यासारखा आवाज सुरू झाला. बाहेर काढून पाहते तर लाल अक्षरांत 'आई पडल्या आहेत'. फोन लावला, त्या उचलेनात. ऑडिट तसंच टाकून गाडी काढली, आणि चाकणच्या चौकात दोन कंटेनरच्या मध्ये नको नको ते विचार करत अडकून बसले. दीर जवळ होते, ते आधी पोचले. त्यांचा फोन आला.

"वहिनी, आई भाकऱ्या करतीय."

"पडल्या नाहीत?"

"न्हाई ओ. उलट मलाच झापतीय. न सांगता आलास, आता अजून दोन थापाव्या लागतील म्हणती."

"मग फोन का उचलला नाही?"

मागून सासूबाईंचा आवाज आला, "पिठाचे हात व्हते!"

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं. तिसऱ्या दिवशी आम्हाला उलगडा झाला. भाकरी थापताना हात परातीत दणादण आपटतो. मग भाकरी तव्यावर टाकली की ती भाजेपर्यंत हात स्वस्थ असतो. घड्याळाच्या समजुतीप्रमाणे म्हातारी दाणकन आदळली होती आणि आता निपचित पडली होती. आजवर स्टार्टअपच्या तिघांनी ते घड्याळ फक्त आपापल्या आईवडिलांच्या हातात घालून पाहिलं होतं, आणि तिन्ही घरी पोळ्या होत होत्या.

स्टार्टअपची मंडळी दुःखी होतील असं मला वाटलं होतं. ती तर आनंदाने नाचत आली. लॅपटॉप सासऱ्यांच्या जुन्या पेटीवर ठेवून त्यांनी सासूबाईंच्या स्वयंपाकघरात मुक्काम ठोकला. तिघांनी आळीपाळीने मनगटाला घड्याळ बांधून भाकऱ्या थापल्या. एकाची भाकरी परातीला चिकटली ती उलथन्याने खरवडावी लागली. दुसऱ्याची कोपरापर्यंत चढली. "ज्वारीचा आणि बाजरीचा पॅटर्न वेगळा येतोय," तिसरा लॅपटॉपकडे बघत अत्यंत गंभीरपणे म्हणाला.

"आरं, आधी नीट मळ की," सासूबाई म्हणाल्या. "कपडं धुतल्यावानी काय आपटतोस?"

दुरुस्तीला वेळ लागणार होता. तोवर आमचं एक वेळापत्रकच बसून गेलं. सासूबाई आमच्या जेवणाच्या सुट्टीच्या सुमाराला भाकरी करायच्या, आणि कँटीनमध्ये माझा भोंगा वाजायचा. लोक दचकायचेही बंद झाले. "मॅडम, सासूबाई पडल्या वाटतं, चला जेवायला," असं म्हणून आमचे सुपरवायझर हात धुवायला उठायचे. दिरांनी चार-पाच वेळा गाडी दामटली आणि मग आपल्या मोबाईलवरचा भोंगा बंद करून टाकला. म्हणाले, "वहिनी, तुमी बघा."

मग मी बघायचे. भाकरीच असणार हे माहीत असलं तरी खात्री करायलाच हवी ना? रोज फोन लावायचा. "आई, भाकरी का?" "व्हय." तेवढ्यावर काम भागत होतं, पण फोन काही संपायचा नाही. वरच्या पोराचा गणिताचा पेपर राहिला. मांजर पुन्हा शेजारणीकडे जाऊन व्याली, आपल्याकडं दूध पिती आन् बाळंतपणाला तिकडं जाती. मेथीच्या जुडीत आता नुसती काडीच येती. मी एका हाताने जेवायचे आणि ऐकायचे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आम्ही दोघी सणावाराशिवाय अशा कधी बोललो नव्हतो.

एके दिवशी स्टार्टअपचा निरोप आला. नवीन अपडेट टाकलं आहे, घड्याळ आता भाकरी ओळखतं. दुसऱ्या दिवशी मी मोबाईल ताटाशेजारी ठेवून जेवायला बसले. भोंगा नाही! स्क्रीनवर शांत हिरवी अक्षरं उमटली, 'स्वयंपाक चालू आहे'. मला इतका आनंद झाला की मी तो मोबाईल पूर्ण कँटीनभर फिरवून दाखवला. सुपरवायझर थोडे हिरमुसले, त्यांना आता जेवायची वेळ कळेना. मी मात्र दोन्ही हातांनी जेवायला मोकळी झाले. आई बऱ्या आहेत हे स्क्रीनवर दिसतच होतं, मग फोन कशाला करायचा? सुटीच्या दिवशीही आम्ही तिकडे गेलो नाही. नवीन एअर फ्रायर आला होता, तो जोडायचा होता.

मग एका संध्याकाळी त्या तिघांपैकी एकाचा फोन आला.

"मॅडम, आजींकडे काही कार्य आहे का?"

"नाही. का?"

"भाकऱ्यांचा ग्राफ रोज वर चाललाय. आणि जोरही वाढलाय. माणूस जास्तीत जास्त किती जोरात थापेल याची आम्ही एक लिमिट धरली होती. आजी तिच्या बाहेर गेल्यात."

पुढच्या सुटीला मी सकाळीच ताथवड्याला गेले. जिन्यातच वरच्या पोरांनी मला गाठलं. चेहरे उपाशी नव्हते, पण त्रासलेले होते.

"काकू, आजींना सांगा ना जरा," एक जण हळूच म्हणाला. "आम्हाला भाकरी आवडते. खरंच आवडते. पण सकाळी भाकरी, रात्री भाकरी, आणि आता डब्यात पण भाकरी. मेसचे पैसे फुकट चाललेत."

"नको म्हणा की."

"तुम्ही म्हणून बघा," तो म्हणाला.

स्वयंपाकघरातून दणके ऐकू येत होते. दारातून पाहिलं तर टोपल्यात भाकऱ्यांची चवड लागलेली, आणि सासूबाई पदर खोचून, घामाघूम होऊन परातीवर अशा तुटून पडलेल्या, की भिंतीवरचं कॅलेंडर हलत होतं. त्यांनी शेवटचा दणका दिला. मग तो हात मांडीवर अगदी स्थिर धरला आणि फळीवरच्या आपल्या बटणांच्या मोबाईलकडे टक लावून बसल्या. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी हात हलवला नाही. थोड्या वेळाने उसासा सोडून त्यांनी पिठाचा पुढचा गोळा घेतला.

"आई," मी म्हटलं.

त्या दचकल्या आणि आधी त्यांनी उजवं मनगट पदराखाली घेतलं. "घड्याळ एकदम झ्याक चालतंय," त्या म्हणाल्या. मी काही विचारलंच नव्हतं.

"एवढ्या भाकऱ्या कुणासाठी?"

"पोरं खात्यात."

"पोरं रडकुंडीला आलीत."

त्यांनी गॅस बारीक केला. दाराबाहेर कोणी नाही ना ते पाहिलं आणि आवाज उतरवला. "धाकट्याला सांगू नगंस. बिघडलंय ते. किती बी थापलं तरी तुझा फोन येत न्हाई."

मी तिथेच फरशीवर बसले. घड्याळ बंद पडलं म्हणून सांगावं तर घर सुटतं, न सांगावं तर फोन येत नाही. या पेचात ही बाई इतके दिवस एकटीच परात बडवत होती.

"मग तुम्हीच लावायचा ना मला."

"तू कामात असतीस. न पडता कशाला तरास द्यायचा?"

"ते बिघडलेलं नाही, आई," मी म्हटलं. "सुधारलंय. आता त्याला भाकरी कळते."

"आस्सं," त्या म्हणाल्या. पदराखालून मनगट बाहेर काढून त्यांनी घड्याळ जरा वेळ निरखलं. "मंग आता खरंच पडावं लागंल का गं?"

हे बोलून त्या स्वतःच हसल्या. मला हसता येईना. मी तिथूनच स्टार्टअपच्या त्या पोराला फोन लावला.

"तुमचं ते भाकरीचं अपडेट काढून टाका," मी म्हटलं.

"अहो पण मॅडम," तो गोंधळून म्हणाला, "मग आजी रोज पडतील."

"पडू देत," मी म्हटलं.